बाकड्यावरचे आजी-आजोबा

दिवाळीची सुट्टी जवळ आली, की दवाखान्यात एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो. रक्तदाब तपासून होतो, चिठ्ठी लिहून होते आणि उठता उठता आजोबा विचारतात, ‘‘मुलगा-सून इमॅजिकाला चला म्हणताहेत. पाळण्यात बसलो तर चालेल ना?’’ नाताळच्या आधी आणि मे महिन्यात हाच प्रश्न पुन्हा येतो. त्याचे उत्तर सोपे आहे आणि ते पुढे देणारच आहे. परंतु पाळण्यात बसायचे नाही म्हणजे धोका टळला, असे समजून जे निर्धास्त होतात त्यांची मला अधिक काळजी वाटते. कारण अशा सहलीत आजी-आजोबांचा दिवस पाळण्यात जात नाही. तो बाकड्यावर जातो.

थीम पार्कची कल्पना मुळात एका बाकड्यावरच सुचली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन लहान मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये नेत. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर फिरत आणि हे बाजूच्या बाकड्यावर शेंगदाणे खात बसलेले असत. मुलांबरोबर मोठ्यांनाही रमता येईल अशी जागा हवी, असे आपल्याला तेथे वाटले, हे त्यांनीच पुढे सांगितले आहे. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले. आपल्याकडे गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले; आजचे कितीतरी आईबाप त्या काळी लाँचमधून खाडी ओलांडून तेथे गेलेली मुले आहेत. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मधले. एवढी वर्षे लोटली, तरी कुटुंबातील कोणी ना कोणी बाकड्यावर असतेच. फरक इतकाच, की तेव्हा बाप बसत असे, आता आजी-आजोबा बसतात. पिशव्या, चपला, चष्मे, मोबाइल आणि बहुधा सर्वांत धाकटे नातवंड, असा सगळा ऐवज त्यांच्या हवाली असतो.

या संदर्भात मला माझ्या एक रुग्ण आजी नेहमी आठवतात. वय अडुसष्ट. रक्तदाबाच्या गोळीतच लघवी वाढवणारे औषध मिसळलेले. ती गोळी त्या रोज सकाळी घेत आणि सहलीच्या दिवशीही त्यांनी ती न चुकता घेतली. पहाटे निघताना घेतलेल्या कपभर चहानंतर मात्र त्यांनी पोटात थेंबभर पाणी जाऊ दिले नाही. अकरा वाजल्यापासून त्या एका बाकड्यावर अडीच वर्षांच्या नातवाला घेऊन बसल्या होत्या. बाकी मंडळी रांगांत होती. सावली हळूहळू सरकून गेली, पण सामान उचलून दुसरीकडे बसणे एकटीला शक्य नव्हते. तीनच्या सुमारास झोपलेल्या नातवाला खांद्यावर घेऊन त्या उठल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या कोसळल्या. मूल त्यांनी सोडले नाही. त्यामुळे सगळा भार एकाच हातावर आला आणि मनगटाचे हाड मोडले. नातवाला ओरखडाही उठला नाही.

घरच्यांच्या मते तेथील फरशी ओली होती. प्लास्टरची बोटे सुजली म्हणून आजी माझ्याकडे आल्या, तेव्हा मुलगा औषधे आणायला खाली गेल्याची संधी साधून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘‘पाणी प्यायले असते तर तासातासाला जावे लागले असते. मला तिथवर नेणार कोण? आणि पोराला ठेवणार कुठे?’’

या घरात कोणीही निष्काळजी नव्हते. आईला सोबत न्यायचे, तिलाही गंमत दाखवायची, असेच मुलाच्या मनात होते. चुकली ती दिवसाची आखणी. तिकिटे, गाडी, नाश्त्याचा थांबा, पाळण्यांचा क्रम, सर्व काही ठरले होते. आजींनी लघवीला कधी आणि कोणाबरोबर जायचे, एवढेच ठरले नव्हते. आजींनीही ते विचारले नाही. आपल्या पिढीला हा विषय सुनेसमोर काढणे जड जाते आणि त्या संकोचाची किंमत शरीर चुकवते.

उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. शरीरातील पाणी कमी झाले तरी घसा कोरडा पडतोच असे नाही. घाम कमी येत असल्याने शरीर थंड ठेवण्याची क्षमताही पूर्वीसारखी राहत नाही. त्यात लघवी वाढवणारे औषध चालू असेल, तर न पितासुद्धा पाणी बाहेर जातच राहते. मधुमेहासाठी हल्ली सर्रास दिल्या जाणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि साखरेबरोबर पाणीही जाते. हे ती गोळी घेणाऱ्या अनेकांना माहीत नसते. असा माणूस चार तास बसून एकदम उभा राहिला, की रक्तदाब खाली येतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते. सहलीच्या आठवडाभर आधी याची घरीच चाचणी घेता येते. पाच मिनिटे आडवे पडून रक्तदाब मोजावा, मग उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर सहलीच्या आधी डॉक्टरांना भेटावे. गोळीची वेळ किंवा मात्रा त्या दिवसापुरती बदलता येते का, हे ते सांगतील. ‘आज बाहेर जायचे आहे, गोळीला सुट्टी’ असा निर्णय आपण होऊन घेऊ नये; हृदयविकाराच्या रुग्णाने तर मुळीच नाही.

म्हणून उद्यानात पाऊल टाकताच आधी स्वच्छतागृह कोठे आहे ते पाहावे आणि बसण्याची जागा त्याच्या जवळची, छताखालची निवडावी. दर दीड-दोन तासांनी घरातील एक जण रांग सोडून बाकड्यापाशी परत येईल, हे घरूनच ठरवून निघावे. येणाऱ्याने ‘‘जायचे आहे का?’’ असे विचारू नये. ‘‘नको’’ हेच उत्तर मिळते. ‘‘चला, मी बाळाला घेतो, तुम्ही जाऊन या,’’ असे म्हणावे. लघवी आवरत नसेल, तर शोषक पॅड वापरण्यात कमीपणा नाही. औषधाच्या दुकानात ते मिळतात. पाणी अर्ध्या-अर्ध्या तासाने अर्धा पेला, असे घोटाघोटाने प्यावे. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचे प्रमाण आखून दिले आहे, त्यांनी त्या दिवसाचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. ओआरएसची पुडी न्यायची असेल, तर पुडीवर जेवढे पाणी लिहिले आहे तेवढ्यातच ती विरघळवावी. मोठी पुडी लिटरभर पाण्यासाठी असते. ती पेलाभर पाण्यात ढवळून नातवाला पाजणारे आजोबा मी पाहिले आहेत. ते पाणी मुलाच्या अंगाला अपायकारक ठरू शकते. फळांच्या चवीची तयार गोड पेये ओआरएसची जागा घेऊ शकत नाहीत.

जेवणाची गोष्ट याहून नाजूक आहे. घरी साडेबारा म्हणजे साडेबारा; तेथे ‘एवढा एक पाळणा झाला की बसू’ असे म्हणता म्हणता अडीच वाजतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीची साखर या दोन तासांत ७० च्या खाली जाऊ शकते. अशा वेळी प्रत्येकाला थरथर सुटते असे नाही. काही आजोबा नुसतेच चिडचिडे होतात, विसंगत बोलतात, गप्प बसतात. घरच्यांना वाटते, गर्दीला कंटाळले. हृदयासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल, तर छातीतली धडधडही जाणवत नाही; घाम मात्र येतो. ग्लुकोमीटर जवळ असावा आणि तो सामानाच्या तळाशी नसावा. साखर कमी भरली, तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग काही खायला द्यावे. व्यक्ती शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालू नये. चॉकलेटने साखर लवकर वर येत नाही, कारण त्यातील स्निग्धांश तिचा वेग मंदावतो. आणखी एक बारकावा. गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव असेल, तर घरातली साधी साखर हळू लागू पडते. अशांनी ग्लुकोजची पावडरच जवळ ठेवावी.

इन्सुलिनचे पेन उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नये. आणि अर्थातच, ‘दहा मिनिटांत येतो’ म्हणून कोणत्याही मोसमात मुलाला किंवा वृद्धाला बंद गाडीत बसवून जाऊ नये.

प्रवेशद्वारावर बाहेरचे खाद्यपदार्थ सहसा अडवतात. लहान बाळाचे खाणे आणि रुग्णाला लागणारे पदार्थ यांसाठी काय नियम आहे, ते आदल्या दिवशी फोन करून विचारावे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत बरोबर ठेवावी. चाकाची खुर्ची मिळते का, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे. खुर्चीचे नाव काढताच ‘मी काय पांगळा आहे?’ म्हणणारे आजोबा माझ्याकडे पुष्कळ आहेत. खुर्ची अंतरासाठी असते, असे मी त्यांना सांगतो. घराजवळच्या बागेत वीस मिनिटे चालणारा माणूस आठ तासांच्या दिवसाला पुरा पडत नाही. सकाळी चालावे, दमल्यावर बसावे, आणि रिकाम्या खुर्चीत सामान ठेवावे!

आता दिवस किती लांबवायचा, ते पाहू. तिकीट महाग असते. ते ‘वसूल’ करण्याच्या नादात सकाळी उघडण्यापासून रात्री बंद होईपर्यंत थांबण्याकडे कल असतो. परंतु दोन-तीन वर्षांचे मूल आणि सत्तरीचा माणूस यांची शरीरे दुपारी एक ते तीन या वेळेत एकच गोष्ट मागतात, ती म्हणजे आडवे होणे. ती मिळाली नाही, की संध्याकाळी मूल रडू लागते आणि आजोबा अडखळू लागतात. परतीची वेळ म्हणूनच तिकीट काढण्यापूर्वी ठरवावी आणि पाळावी. शक्य असेल तर जवळच मुक्काम करावा, म्हणजे दुपारी दोघांना खोलीवर नेता येते. ते परवडणारे नसेल, तर दुपारची वेळ बंदिस्त, वातानुकूलित खेळांसाठी राखावी. पडद्यावरील दृश्याबरोबर खुर्ची हलत असेल, तर न हलणारी जागा आहे का, ते आधी विचारावे. रात्री दमलेल्या मुलाने द्रुतगती मार्गावर गाडी चालवत आणण्यापेक्षा चारलाच निघालेले बरे. माझे स्पष्ट मत असे, की पाच वर्षांखालील मूल आणि सत्तरीपुढील व्यक्ती बरोबर असतील, तर मे महिन्यात जाऊच नये. शाळा एक दिवस बुडवून डिसेंबर-जानेवारीतील मंगळवार-बुधवार गाठलेला अधिक चांगला. बालवाडीतल्या मुलाचे त्यात काही बिघडत नाही.

पाळण्यांचे उत्तर द्यायचे राहिले. प्रत्येक मोठ्या पाळण्याच्या तोंडाशी फलक असतो: हृदयविकार, उच्च रक्तदाब, मानेचे किंवा पाठीचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास बसू नये. तो अक्षरशः पाळावा. इमॅजिकातील ‘नायट्रो’सारख्या रोलर कोस्टरची हौस तरुणांनी भागवावी. फलकावर ज्याचा उल्लेख बहुधा नसतो, ती गोष्ट म्हणजे हाडांची ठिसूळता. पासष्टीच्या पुढच्या स्त्रीला एकमेकांवर आदळणाऱ्या मोटारींचा एखादा धक्काही मणका चेपायला पुरेसा होऊ शकतो. सावकाश फिरणारे चक्र, छोटी आगगाडी, बोट यांत खुशाल बसावे. चढता-उतरताना मात्र घाई करू नये. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत वॉटर पार्कच्या पाण्यात उतरू नये.

नातवंडांची उंची घरीच दाराच्या चौकटीवर खूण करून मोजावी. तिकिटाचा दर आणि पाळण्यातील प्रवेश, दोन्ही पुष्कळ ठिकाणी वयापेक्षा उंचीवर ठरतात. दोन बोटांनी कमी भरल्यामुळे रांगेच्या टोकाशी परत पाठवलेल्या मुलाची समजूत शेवटी आजीलाच काढावी लागते. काळोखातल्या पाळण्याला मूल घाबरत असेल, तर ‘शूर हो’ म्हणून ढकलू नये.

बाळ राखण्याचे काम आजी-आजोबा आनंदाने घेतात, पण ते घेताना दोन अटी घालाव्यात. पहिली पाण्याची. लहान मूल बुडते ते आवाज न करता, आणि गुडघाभर पाण्यातही. श्रवणयंत्र आणि चष्मा काढून ठेवलेल्या आजोबांवर पाण्यातील मुलाची जबाबदारी टाकू नये आणि त्यांनीही ती भिडेखातर घेऊ नये. पाण्याजवळ एका वेळी एकाच धडधाकट माणसाने पाहावे आणि पाळी बदलताना ‘‘आता तू बघ’’ असे तोंडाने सांगावे. ‘तो बघत असेल’ या समजुतीत दोघेही दुसरीकडे पाहतात. दुसरी अट खाण्याची. चार वर्षांखालील मुलाला पॉपकॉर्न, शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत. हसता-पळताना दाणा श्वासनलिकेत जातो.

हरवण्याच्या भीतीपोटी मुलाच्या मनगटावर पेनाने फोन नंबर लिहितात, सकाळी त्याच्या त्या दिवसाच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवतात. हे उत्तम आहे. ज्यांची स्मृती थोडी डळमळू लागली आहे, अशा आजोबांच्या खिशातही नंबराची चिठ्ठी असावी आणि फोटो त्यांचाही असावा. अनोळखी गर्दीत, गोंगाटात त्यांचा गोंधळ घरच्यापेक्षा लवकर होतो. अशा व्यक्तीला एकटे बाकड्यावर बसवून सगळ्यांनी रांगेत जाणे योग्य नाही. उन्हात कोणी बरळू लागले, अंग तापले, तर तो कंटाळा किंवा विसराळूपणा समजू नये. सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा, उद्यानाच्या प्रथमोपचार केंद्राला हाक द्यावी आणि १०८ ला फोन करावा.

पुण्याकडून घाट उतरून जाणाऱ्यांसाठी एक सूचना. गाडी लागू नये म्हणून घरातील सर्वांना अॅव्होमिनची गोळी वाटण्याची पद्धत आहे. तिच्यातील प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये. ज्येष्ठांमध्येही त्याने गुंगी येते, तोल जातो, प्रोस्टेटचा त्रास असल्यास लघवी अडू शकते. हलका नाश्ता, खिडकीबाहेर दूर नजर आणि मोबाइल पिशवीत, इतक्यावर बहुतेकांचे भागते.

मुलाकडे अमेरिकेला गेलेल्या वाचकांना ऑरलंडोच्या डिस्ने वर्ल्डची सहल चुकत नाही. तेथे दिवसभरात दहा किलोमीटर चालणे होणे नवलाचे नाही, आणि उन्हाळ्यात हवा मुंबईसारखी दमट असते. जाण्याआधी तीन-चार आठवडे रोजचे चालणे वाढवावे, औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि प्रवासविम्यात जुन्या आजारांचा समावेश आहे ना, हे निघण्यापूर्वी तपासावे. तेथील काही पाळण्यांवर ‘रायडर स्विच’ नावाची सोय आहे: एक पालक पाळण्यात बसतो, दुसरा बाळाजवळ थांबतो आणि पहिला परतल्यावर दुसऱ्याला पूर्ण रांग पुन्हा न लावता आत जाता येते. बाळ आजीकडे देऊन दोघांनी जाणे, एवढाच एक मार्ग नसतो. आपल्याकडे अशी सोय नसली, तरी आपापसात पाळी लावता येते. मुलगा रांगेत असेल तेव्हा सून बाकड्यापाशी, आणि मग उलट.

परत आल्यावर त्या रात्रीच्या गोळ्या ‘दमलो’ म्हणून चुकवू नयेत. दुसरा दिवस मोकळा ठेवावा; उपवास, लग्न, बँकेची कामे त्या दिवशी नकोत. दोन्ही पावलांना थोडी सूज येणे स्वाभाविक आहे, पाय उशीवर ठेवून ती उतरते. एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, किंवा धाप लागली, तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.